मुखपृष्ठावरचा व्रण

ज्या माणसाला आयुष्यात एक झुरळ मारता आलं नाही, त्याला आम्ही सगळे 'खुनी' म्हणायचो. छापखान्यात, बांधणीत, कागदाच्या गोदामात त्याला खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्याने मागे वळूनही पाहिलं नसतं. "खुनी आला का रे?" असं मालक आल्या आल्या ओरडून विचारायचे आणि बाहेरच्या बाकावर हस्तलिखित मांडीवर घेऊन बसलेला एखादा नवा लेखक दचकून उभा राहायचा.

तो मुखपृष्ठं रंगवायचा. आमचं प्रकाशन महिन्याला चार कादंबऱ्या काढायचं. एक ऐतिहासिक, एक साहसाची आणि दोन खुनाच्या, कारण खुनाला मागणी जास्त. लोक पुस्तक घेतात ते बस सुटायला पाच मिनिटं उरलेली असताना, हे मालकांचं ठाम मत. "त्या पाच मिनिटांत आतलं कोण वाचतंय? बाहेरचं बघतात आणि उचलतात." त्यामुळे आतल्या लेखकांपेक्षा बाहेरच्या खुनीची बडदास्त आमच्याकडे अधिक होती.

मी तिथे मुद्रितं तपासायचे. मला 'काना-मात्रा' म्हणायचे. खुनी चित्र घरी काढायचा, पण पुस्तकाचं नाव मालक शेवटच्या घटकेपर्यंत बदलत राहायचे, म्हणून अक्षरं रंगवायला तो ऑफिसात, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. एकोणीस वर्षं आम्ही असे शेजारी काढली. तो फारसं बोलत नसे. ब्रश पाण्यात खळबळला की मला कळायचं, गडी आला.

त्याच्या चित्रांतली माणसं खरी असत. आमच्या मालकांचं नाक किमान सहा दगाबाज सरदारांना लागलं होतं आणि मालकांना त्याचा अभिमान होता. खुनीचा मेहुणा साहसकथांमधला कायमचा समुद्री चाचा. मी स्वतः एकदा राजवाड्यातली कट करणारी दासी झाले होते. पण प्रेत म्हटलं की त्याची बायको. वहिनी कापड दुकानात कामाला होत्या. घरी आल्या की हा त्यांना म्हणायचा, "जरा दहा मिनिटं मरतेस का?" आणि त्या पर्स बाजूला ठेवून जमिनीवर आडव्या व्हायच्या. "एकतीस वेळा मेलेय मी," त्या मला सांगायच्या. "चार वेळा तर विषाने. ह्यांना विषाचे डोळे फार छान जमतात."

एक नियम मात्र तो काटेकोर पाळायचा. कुणाचाही चेहरा घ्यायचा तर विचारून घ्यायचा. "चेहरा म्हणजे काय छत्री आहे का, दिसली म्हणून उचलली?" असं तो म्हणायचा. हा नियम त्याने एकदाच मोडला.

त्या वर्षी आमच्याकडे किल्ल्यातून पळून गेलेल्या एका राणीची कादंबरी आली होती. मालकांना बाईचा मुखडा हवा होता, तोही कसा, तर "घाबरलेला, पण खाली न बघणारा". खुनीने तीन चित्रं आणली, मालकांनी तिन्ही परत केली. "ह्या सगळ्या वहिनीच आहेत रे. वहिनी मेलेल्या चांगल्या दिसतात, पळताना नाही."

खुनी राहायचा त्या इमारतीत तळमजल्यावर पुढच्या बाजूला दोघा भावांचा सुतारकामाचा कारखाना होता, आणि मागच्या एका खोलीत दोन वर्षांपासून एक बाई भाड्याने राहायची. एकटीच. कपडे शिवायची. इमारतीत तिला शिवणताई म्हणत. कुणाच्यात जास्त मिसळायची नाही, पण बटण तुटलं तर पटकन लावून द्यायची. जिन्यावरून उतरताना तिची खिडकी दिसायची. ती मान खाली घालून शिवत असे. पण गल्लीत एखादी गाडी थांबली की तिचा तळहात मशीनच्या चाकावर यायचा, चाक थांबायचं, मान वर व्हायची, आणि गाडी पुढे जाईपर्यंत ती तशीच बघत राहायची. मग पुन्हा चाक सुरू.

खुनीने ते पाहिलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. एका रविवारी दुपारी त्याने कोरा बोर्ड घेतला आणि संध्याकाळच्या आत तो चेहरा उतरवला. डोक्यावरून घेतलेला पदर, मागे काळा तट, आणि मान वर करून गाडीचा नाही तर घोड्यांच्या टापांचा आवाज ऐकणारी राणी. हनुवटीच्या डाव्या बाजूला, जबड्याच्या कडेला शिवणताईंना एक छोटा व्रण होता. दोन बारीक रेघा एका कोपऱ्यात मिळाव्यात तसा, काटकोनासारखा. तोही त्याने सगळ्यात बारीक ब्रशने काढला. मी नंतर एकदा त्याला चिडून विचारलं होतं, "निदान तो व्रण तरी गाळायचास." तो म्हणाला, "तो नसता तर ती नुसती देखणी बाई झाली असती."

सोमवारी मालकांनी ते चित्र पाहिलं आणि एकही बदल सांगितला नाही. मालकांनी बदल सांगितला नाही म्हणजे काय, हे आमच्याकडे काम केलेल्यालाच कळेल. पहिली आवृत्ती पाच हजारांची निघाली आणि दीड महिन्यात संपत आली. मालकांनी ते चित्र मोठं करून छापून घेतलं आणि गावोगावच्या बसस्टँडवर, पुस्तकांच्या टपऱ्यांवर लावायला पाठवलं.

शिवणताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. एक दिवस एक गिऱ्हाईक बाई पुस्तक घेऊनच त्यांच्याकडे आली. "अगंबाई, ही तर डिट्टो तुम्हीच!"

खुनीने पुढचं मला त्याच दिवशी सांगितलं. तो घरी एकटाच होता. दार वाजलं. दारात शिवणताई, हातात पुस्तक.

"भाऊ, हे तुम्ही काढलंत?"

तो ओशाळला. त्याला वाटलं, रागावल्या. "हो. चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. पण वाईट नाही ना आलं?"

त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याशीच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "किती छापली?"

"पाच हजार. आता दुसरी निघतेय."

"कुठकुठे जातात?"

"सगळीकडे. जिथे बस थांबते तिथे."

"परत गोळा करता येतात का?"

एवढी वर्षं लोक त्याला म्हणत आले होते की माझा चेहरा घे, मला राजा कर, मला हेर कर. परत मागणारं कुणी भेटलं नव्हतं.

शिवणताई शांतपणे बोलल्या. रडल्या नाहीत. नवऱ्यापासून पळून दोन गावं बदलून त्या इथे आल्या होत्या. पहिल्या गावात त्याने आठ महिन्यांत शोधून काढलं, दुसऱ्यात वर्षभराने. दुसऱ्या वेळी ज्या मैत्रिणीकडे त्या राहत होत्या तिच्या घराला दुपारी आग लागली. कशी लागली ते कुणाला कळलं नाही. औषधांच्या कंपनीचा माल घेऊन तो गावोगाव फिरायचा. कायम बसमध्ये.

"आणि प्रवासात त्याला वाचायला लागतं," शिवणताई म्हणाल्या. "तुमचीच पुस्तकं, भाऊ. घरात कपाटभर होती. आधी शेवटचं पान वाचायचा, मग सुरुवात करायचा. म्हणायचा, कुणी केलं हे माहीत असलं की तो कुठे चुकतो ते नीट बघता येतं."

खुनी त्याच पावली ऑफिसात आला. मी त्याला एवढ्या मोठ्याने बोलताना पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या आवृत्तीचं मुखपृष्ठ बदला, मी नवं देतो, आत्ता बसून देतो. का, ते मात्र त्याला सांगता येईना, कारण मालकांच्या पोटात काही राहत नसे. मालकांना वाटलं, गड्याला डोक्यात हवा गेलीय. "अरे, बायकोला राग आला का दुसरीचं चित्र काढलं म्हणून?" ते हसले. मुखपृष्ठं छापून बांधणीत गेलीसुद्धा होती. मालक गेल्यावर खुनी माझ्या टेबलाशी आला आणि त्याने मला सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बहुधा एकट्याला पेलवत नव्हतं म्हणून.

"त्या जाणार आहेत का इथून?" मी विचारलं.

"नाही म्हणतात. आता अंगात जोर नाही म्हणतात. म्हणाल्या, कदाचित त्याने वाचणं सोडलंही असेल."

तीन आठवडे काही झालं नाही. मग एक पत्र आलं.

वाचकांची पत्रं मीच उघडायचे. हे एका वाचकाचं होतं, अक्षर मोत्यासारखं, एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नव्हता. राणीच्या कादंबरीचं कथानक त्याला साधारण वाटलं होतं, पण मुखपृष्ठाने वेड लावलं होतं. चित्रकाराला भेटून प्रत्यक्ष अभिनंदन करायची इच्छा होती, तरी पत्ता कळवावा. खाली सही, सहीच्या जागी फक्त 'आपला जुना वाचक'.

मी उत्तर दिलं नाही. पत्र खुनीला दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं. आठ दिवसांनी दुसरं पत्र आलं. "आपण कामात असाल. मीच येईन." बस, एवढंच.

तो आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मालक जेवून खुशीत होते. पंचेचाळिशीचा गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात चामड्याची बॅग. बॅगेत आमचीच नऊ पुस्तकं. मालक विरघळलेच. चहा मागवला. आणि दुर्दैव असं की खुनी त्या दिवशी माझ्या शेजारी बसून एका खुनाच्या कादंबरीचं नाव रंगवत होता.

"हा बघा आमचा खुनी!" मालकांनी ओळख करून दिली.

गृहस्थ हसला. खुर्ची ओढून खुनीसमोर बसला. राणीचं पुस्तक त्याने टेबलावर ठेवलं, सरळ, कडेशी कड जुळवून.

"साहेब, हात आहे तुमचा," तो म्हणाला. "खरं सांगू? मला धक्काच बसला. ही माझी धाकटी बहीण आहे. घरातून रागावून गेली, चार वर्षं झाली. आमची आई अंथरुणाला खिळलीय. एकदा हिला बघितलं की सुटेल बिचारी. तुम्ही हिला कुठे पाहिलंत?"

मालकांचे डोळे पाणावले. त्यांना वाटलं, आपल्याच एका कादंबरीचा शेवट आपल्या ऑफिसात घडतोय. "अरे सांग ना!" ते खुनीला म्हणाले.

खुनी त्या माणसाकडे बघत होता, नेहमी माणसांकडे बघायचा तसा, हाडं मोजत. नंतर मला म्हणाला, त्याने आधी कान पाहिले, मग भुवया, मग ओठांचा कोपरा. भावाबहिणीत काहीतरी एक असतंच. इथे काहीच नव्हतं. आणि बोलता बोलता त्या माणसाने आपला अंगठा चित्रातल्या व्रणावर ठेवला. बरोब्बर त्या व्रणावर, न बघता. त्याच हाताच्या बोटात अंगठी होती. जाड, चौकोनी, कोपरे वर आलेले.

तो काटकोन खुनीने बारीक ब्रशने स्वतः काढला होता. त्याचं माप त्याला पाठ होतं.

"बाई वगैरे कुणी नाही," खुनी म्हणाला. आवाज अगदी साधा होता, मलाच आश्चर्य वाटलं. "जुन्या मासिकातला फोटो होता. कुठलं मासिक ते आठवत नाही."

"आणि हा व्रण?"

"ब्रश घसरला. मग म्हटलं, राहू दे."

गृहस्थ पुन्हा हसला. मान डोलावली. "घसरतो कधी कधी," तो म्हणाला. पण उठला नाही. चहा फुंकर मारत पीत बसला.

खुनीने ब्रश पुसला आणि माझ्याकडे न बघता, समोरचा कागद माझ्याकडे सरकवत म्हणाला, "ती तळातली ओळ काढून टाका. आत्ताच. उद्यावर नको."

त्या कागदावर एकच ओळ होती. मग डोक्यात प्रकाश पडला, तळातली म्हणजे तळमजल्यावरची. मी कागद उचलला, "बांधणीत देऊन येते" म्हणाले, मागच्या दाराने बाहेर पडले आणि रस्त्यावर येऊन धावत सुटले. त्या वयात मी धावले याचं नंतर मालकांना फार नवल वाटायचं.

वाटेत कापड दुकानातून वहिनींना उचललं. आम्ही दोघी शिवणताईंच्या दारात पोचलो तेव्हा त्या कुणाचा तरी शाळेचा गणवेश शिवत होत्या. आमची तोंडं पाहून त्यांनी चाकावर तळहात ठेवला.

"आला?"

"आला," वहिनी म्हणाल्या.

शिवणताई उठल्याच नाहीत. "मी नाही जाणार," त्या म्हणाल्या. "किती वेळा उठायचं एका माणसाने? येऊ दे त्याला. एकदाचं होऊन जाऊ दे."

वहिनींनी त्यांचा दंड धरला. "बाई गं, मी एकतीस वेळा मेलेय, पण खोटंखोटं. खरं मरायची हौस कशाला? ऊठ." आणि मग एकदम आवाज चढवून, "ऊठ म्हणते ना!"

मशीनचं डोकं स्क्रू काढून चादरीत बांधलं. बाकी दोन साड्या, एक पिशवी. अर्धवट गणवेश त्यांनी घडी करून वहिनींकडे दिला, कुणाचा ते सांगितलं, एवढ्या घाईतही. माझी एक मावशी तीन तासांच्या अंतरावर नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह चालवायची. मी स्वतः शिवणताईंना तिथे सोडून आले.

खुनी त्या दिवशी सरळ घरी गेलाच नाही. तो गृहस्थ मागे होता, वीस-पंचवीस पावलांवर. खुनी रंगांच्या दुकानात गेला, मग काचवाल्याकडे, मग वाचनालयात बसून वर्तमानपत्र वाचलं. दिवेलागणीला घरी आला तेव्हा मागची खोली रिकामी होती. वहिनींनी तोंड उघडलं तसा तो म्हणाला, "कुठे नेलंय ते मला सांगू नको. मला माहीतच नको." मलाही त्याने हेच बजावलं.

गृहस्थाला इमारत सापडली आणि रिकामी खोलीही. शेजारच्यांकडून त्याला व्रणवाल्या शिवणताईंबद्दलही कळलं असणार. त्याने आरडाओरडा केला नाही. समोरच्या लॉजमध्ये खोली घेतली. रोज दुपारी चारला तो खुनीच्या घराचं दार वाजवायचा, पाणी मागायचा, खिडकीपाशी बसायचा. वहिनी त्या वेळी दुकानात असत. खुनीने पहिल्या दिवशी त्याला आत घेतलं, कारण दार लावून घेतलं तर संशय येईल असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो आपणहूनच आत आला.

तो पुस्तकांबद्दल बोलायचा. तासन्‌तास. कोणत्या कादंबरीतला खून सगळ्यात चोख होता, कोणत्या खुन्याने कुठे माती खाल्ली. "तुमच्या लेखकांचं एक चुकतं, साहेब," तो म्हणायचा. "त्यांचा खुनी घाई करतो. माणसाने घाई का करावी? चार वर्षं थांबता येतं." मग उठायचा, ग्लास विसळून ठेवायचा आणि जायचा.

मी म्हटलं, पोलिसांत जा. खुनी गेला. ठाण्यातल्या साहेबाने विचारलं, "तो करतो काय?" खुनी म्हणाला, "पाणी पितो." साहेब हसला. त्याचंही काही चुकलं नाही म्हणा. तरी त्याने वहीत नोंद करून घेतली.

नवव्या दिवशी गृहस्थ बसला नाही. त्याने आतून कडी लावली. खुनी टेबलाशी रंगवत होता.

"साहेब, मला एक पटलंय," तो म्हणाला. "ती कुठे आहे हे तुम्हाला खरंच माहीत नाही. तुम्ही हुशार आहात. पण कुणाला तरी माहीत आहे. त्या दिवशी कागद घेऊन कोणीतरी बाहेर गेलं. माझी नजर तुमच्यावर होती, ती पाठमोरीच दिसली. तुमच्याकडे बायका बऱ्याच. कोण ती? नाव सांगा, राहते कुठे ते सांगा, मी चाललो."

खुनी म्हणाला, "मला आठवत नाही."

टेबलाला जड लाकडी खण होता, सुतार भावांनी बनवलेला. गृहस्थाने तो उघडला, खुनीचा उजवा हात मनगटाशी धरून आत ठेवला आणि खण अंगाचा भार टाकून लावला. मग पुन्हा उघडला. प्रत्येक वेळी हळू आवाजात तोच प्रश्न. खाली करवत चालू होती, म्हणून आधी कुणाला ऐकू गेलं नाही. चौथ्या वेळी करवत थांबली होती. सुतार भाऊ दार फोडून आत आले तेव्हा खुनी जमिनीवर होता आणि गृहस्थ ओणवा होऊन, अगदी काळजीने विचारावं तसं, म्हणत होता, "नाव काय तिचं?"

माझं नाव. माझं नाव त्याने सांगितलं नाही. नाव सोडा, 'काना-मात्रा' एवढंही म्हणाला असता तर त्या माणसाने मला दुसऱ्या दिवशी गाठलं असतं. मी एकटी राहायचे, आणि माझी वाट एका बंद पडलेल्या गोदामावरून जायची.

अंगठा आणि तीन बोटं मोडली होती. हाड जुळलं, पण ब्रश धरायची चिमूट गेली ती गेलीच.

खटला उभा राहिला तेव्हा वकिलांनी सांगितलं, मारहाण सिद्ध होईल, पण कारण सिद्ध करायचं तर त्या बाई लागतील. मी मावशीकडे गेले आणि शिवणताईंना सगळं सांगितलं. या म्हटलं नाही. तसं म्हणायचा मला काय हक्क होता? तारखेच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने त्या उतरल्या.

कोर्टाच्या खोलीत पंखा खडखडत होता. गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात बसला होता. शिवणताई साक्षीला उभ्या राहिल्या तसा तो पुढे झुकला आणि त्यांच्याकडे असा बघू लागला, जसं काही खोलीत दुसरं कुणीच नाही. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. व्रण कसा झाला ते सांगितलं. कोणत्या हाताने, कोणत्या बोटातल्या अंगठीने. न्यायाधीशांनी अंगठी मागवली. आगीचं सिद्ध झालं नाही. बाकीचं झालं. त्याला तीन वर्षांची शिक्षा लागली.

बाहेर व्हरांड्यात खुनी त्यांच्यासमोर उभा राहिला, हाताला पट्टा, मान खाली. "मला माफ करा, ताई," तो म्हणाला.

शिवणताईंनी थोडा विचार केला. "माफ केलं असं नाही म्हणता यायचं मला, भाऊ," त्या म्हणाल्या. "पाच हजार ठिकाणी टांगलंत मला. पण तुम्ही तोंड उघडलं नाहीत, तेही खरं आहे. दोन्ही खरं आहे." मग त्यांनी त्याच्या खांद्यावरून घसरलेला पट्टा सारखा करून गाठ पक्की बांधली, आणि त्या गेल्या.

खुनी डाव्या हाताने अक्षरं काढायला शिकला. चेहरे संपले. त्याच्या मुखपृष्ठांवर आता पाठमोरी माणसं येऊ लागली, अर्धवट उघडी दारं, रिकाम्या खुर्च्या. मालकांनी आधी कुरकुर केली, पण वाचकांना ती चित्रं अधिक भीतीदायक वाटायला लागली आणि पुस्तकं आणखी खपली. खुनीला त्यात काही आनंद नव्हता. दुपारी चारला तो हातातलं काम ठेवून दाराकडे बघायचा. ती सवय शेवटपर्यंत गेली नाही.

त्या माणसाच्या सुटकेची तारीख त्याला तोंडपाठ होती. आदल्या आठवड्यात तो मला म्हणाला, "मी तुरुंगाच्या दाराशी जाणार आहे."

"वेड लागलंय का तुला?"

"तो बाहेर आल्यावर पहिला कोण दिसतो, यावर पुढचं ठरेल. त्याला मी दिसायला हवा. तुम्ही नाही, त्या नाहीत."

मी त्याला एकट्याला सोडणार नव्हते. वहिनीही नाहीत. पण त्याने आम्हाला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीत, तोंड झाकून बसायला लावलं, आणि स्वतः फाटकासमोर भर उन्हात उभा राहिला. साठीला आलेला, किडकिडीत माणूस. अकरा वाजता छोटं दार उघडलं. गृहस्थ बारीक झाला होता, केस पिकले होते. त्याने खुनीला पाहिलं आणि थबकला. मग चालत त्याच्यासमोर आला, अगदी हातभर अंतरावर. वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

ते काय बोलले ते खुनीने आम्हाला सांगितलं. तो म्हणाला होता, "हात कसा आहे, साहेब?"

"लिहिता येतं," खुनी म्हणाला.

"रंगवता?"

"नाही."

"वाईट झालं," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटल्यासारखं वाटलं. मग त्याने विचारलं, "नवीन काय काढलंय तुमच्या लोकांनी? आत वाचायला काही मिळालं नाही."

गृहस्थ थोडा वेळ उभा राहिला आणि बसस्टँडकडे चालू लागला. आम्ही त्याला उत्तरेकडच्या बसमध्ये बसताना पाहिलं. खुनीने बसचा नंबर, शर्टाचा रंग, पायातल्या चपला, सगळं डाव्या हाताने लिहून त्याच दिवशी मावशीच्या पत्त्यावर पाठवलं. शिवणताई तोवर मावशीकडून पुढे, दुसरीकडे गेल्या होत्या. कुठे, ते फक्त मावशीला माहीत होतं.

खुनी त्यानंतर नऊ वर्षं जगला आणि साध्या छातीच्या दुखण्याने घरीच गेला. शिवणताईंचं पत्र वर्षातून एकदा मावशीमार्फत येत राहिलं, दोन ओळींचं. अजूनही येतं. तो माणूस मात्र पुन्हा आमच्यापैकी कुणालाही दिसला नाही. हे वाक्य मला सुटकेचं म्हणून लिहिता येत नाही. आमच्या प्रकाशनाकडे अजून वाचकांची पत्रं येतात, मी अजून ती उघडते, आणि एखादं मोत्यासारख्या अक्षरातलं, एकही ऱ्हस्व-दीर्घ न चुकलेलं निघालं, की ते वाचायच्या आधी मी उठून मागचं दार लावलंय का ते बघते.